चॅरिटी शॉपमधल्या पुस्तकावर लेखकाची सही: खरी कशी ओळखायची, आणि दुकानाला सांगायचं का?

रविवारचा_वाचक

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे सेवाभावी संस्था लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून पैसे उभे करायला दुकानं चालवतात, त्यांना चॅरिटी शॉप म्हणतात. सुट्टीच्या दिवशी चॅरिटी शॉपमधली पुस्तकं चाळत बसणं हा माझा जुना छंद. परवा अशाच एका दुकानात नावाजलेल्या ब्रिटिश कादंबरीकाराची एक हार्डबॅक कादंबरी अडीच पौंडांना मिळाली. जॅकेट, म्हणजे वरचं सुटं कागदी वेष्टण, धड आहे, फक्त पाठीच्या बाजूला उन्हाने रंग उतरलाय.

घरी येऊन उघडली तर टायटल पेजवर निळ्या बॉलपेनने सही. वरती कुणा बाईंचं पहिलं नाव आणि शुभेच्छांची एक ओळ, खाली 'चेल्टनहॅम, ऑक्टोबर १९८६'. विचित्र गोष्ट म्हणजे लेखकाचं छापील नाव एका तिरक्या रेघेने खोडलंय आणि सही त्याच्या खाली आहे. कॉपीराइटच्या पानावर 'प्रथम प्रकाशन १९८६' एवढंच लिहिलंय, पुनर्मुद्रणाचा उल्लेख नाही. शेवटच्या पानांत याच कादंबरीच्या परीक्षणाचं एक पिवळं पडलेलं कात्रणही निघालं.

आता माझे प्रश्न. सही खरी आहे हे घरच्या घरी कसं कळेल? छापील नाव कुणी खोडलं असेल? मधे त्या बाईंचं नाव आहे म्हणून पुस्तकाचं मोल कमी होतं का? आणि मला सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न: दुकानात जाऊन सांगावं का? बायको म्हणते, चांगल्या कामासाठी चाललेलं दुकान आहे, सांगून ये. मित्र म्हणतो, लेबलवरची किंमत मोजलीस, विषय संपला. पुस्तक मला विकायचं नाही, हा लेखक माझा फार आवडता आहे. जाणकारांनी सांगावं.

---

शाईचा_डाग

अभिनंदन! आधी सहीचं बघू.

पुस्तक खिडकीपाशी न्या आणि पान असं तिरकं धरा की उजेड बाजूने पडेल. बॉलपेनने कागदात बारीक चर पडते. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलंत तर उठाव जाणवेल. छापलेली सही असेल तर कागद दोन्हीकडून सपाट लागतो.

मग भिंगाखाली बघा, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. बॉलपेनची रेघ एकसारखी कधीच नसते. वळणानंतर शाईचा छोटा गोळा पडतो, वेगात ओढलेल्या जागी रेघेच्या मधोमध पांढरी फट राहते. सही सुरू होते आणि संपते तिथे हाताचा वेग बदललेला दिसतो. नक्कल करणारा माणूस मात्र हळू लिहितो, त्यामुळे रेघ थरथरते आणि नको तिथे पेन थांबल्याच्या खुणा दिसतात.

शेवटी त्याच लेखकाच्या त्याच दशकातल्या सह्या शोधून ताडून पाहा. माणसाची सही वयाबरोबर बदलते, १९८६ ची सही २००६ च्या सहीशी जुळवू नका. आणि सारखेपणा शोधताना सवयी बघा, आकार नव्हे: कुठलं अक्षर गाळतो, रेघ कुठे परत आणतो, पेन कुठे उचलतो. एखाद्या नमुन्याशी तंतोतंत, केसाचाही फरक न पडता जुळली, तर उलट संशय घ्या. कुठलाही माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही.

विकणाऱ्याने दिलेल्या 'अस्सल असल्याच्या' छापील प्रमाणपत्रांवर अजिबात जाऊ नका. ती कुणीही छापतं.

---

मागची_खोली

रविवारचे वाचक, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी निवृत्तीनंतर एका चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीत, आलेली पुस्तकं निवडून किंमत लावायचं काम करते. त्यामुळे तुमचं पुस्तक अडीच पौंडांना का सुटलं असेल याचा मला चांगला अंदाज आहे. तिथूनच सुरू करते.

पुस्तकं पिशव्यांतून, खोक्यांतून येतात. घर रिकामं करणाऱ्यांकडून आली तर एकदम गाडी भरून. निवडणाऱ्याच्या हातात प्रत्येक पुस्तक काही सेकंदच राहतं. ओल लागलीय का, पानं सुटलीत का, वास येतोय का, एवढं बघायचं. नंतर मागचा बारकोड स्कॅन करायचा किंवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा क्रमांक, टाकायचा की त्या पुस्तकाचा बाजारभाव समोर येतो. आता यातली मेख बघा. तो आकडा त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रतींना एकच असतो. तुमच्या हातातल्या प्रतीवर लेखकाने सही केली आहे हे त्या आकड्याला कसं कळणार? त्यासाठी कुणीतरी पुस्तक उघडायला हवं.

ब्रिटनमध्ये पुस्तकांना नऊ अंकी क्रमांक १९६७ पासून पडू लागले आणि १९७० मध्ये त्याचं आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय रूप झालं. त्याआधीच्या पुस्तकांना क्रमांकच नाही. म्हणून ती आपोआप बाजूला निघतात आणि कुणीतरी जाणतं माणूस ती पान उलटून बघतं. म्हणजे व्हिक्टोरियन काळातली सही सहसा निसटत नाही. निसटतात त्या १९७० नंतरच्या, दिसायला साध्या, क्रमांक असलेल्या पुस्तकांवरच्या सह्या. तुमचं १९८६ चं पुस्तक नेमकं त्या पट्ट्यातलं आहे. तुम्हाला शोधायचंच असेल तर याच काळातल्या हार्डबॅकची टायटल पेजं उघडत चला. तिथे काही नसेल तर त्याच्या आधीचं, फक्त पुस्तकाचं नाव असलेलं पान बघा, आणि मग पुठ्ठ्याला लागून असलेलं कोरं पान. मात्र कोऱ्या पानावर वरच्या कोपऱ्यात नुसतं नाव असेल तर ते बहुतेक पुस्तकाच्या मालकाचं असतं. लेखक सहसा टायटल पेजवरच सही करतो.

छापील नाव खोडण्याबद्दल निर्धास्त राहा. ती लेखकानेच मारलेली रेघ असणार. इकडे पुष्कळ लेखकांची ही जुनी रीत आहे: छापील नाव काढून टाकायचं आणि त्या जागी स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. मला ही रीत मनापासून आवडते. छापखान्याने हजारो प्रतींवर घातलेलं नाव बाजूला सारून या एका प्रतीपुरता लेखक स्वतः वाचकासमोर उभा राहतो. तुमच्या पुस्तकावर ती रेघ आहे ही चांगली खूण समजा. नक्कल करणाऱ्यांना हे सुचत नाही असं मी म्हणणार नाही, पण इतर गोष्टींबरोबर ती जमेला धरावी.

इतर गोष्टी म्हणजे पुस्तकाने स्वतःच दिलेल्या साक्षी. चेल्टनहॅमला १९४९ पासून साहित्य महोत्सव भरतो आणि तो ऑक्टोबरमध्ये असतो. तुमची तारीख आणि गाव त्याच्याशी बसतं. त्या वर्षी हे लेखक तिथे बोलले होते का, ते जुन्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा स्थानिक वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत सापडू शकेल. सापडलं तर मला कुठल्याही भिंगापेक्षा तो पुरावा मोठा वाटेल. एडिंबराचा पुस्तक महोत्सव १९८३ पासूनचा, हे-ऑन-वायचा १९८८ पासूनचा. सहीखालचं गाव आणि तारीख अशा ठिकाणांशी जुळते का हे आम्ही पहिल्यांदा बघतो. अशा गावांच्या आसपासच्या चॅरिटी शॉपमध्ये सही केलेली पुस्तकं जास्त मिळतात हे ओघाने आलंच. रांगेत उभं राहून सही घेतलेली माणसं तिथेच राहतात, म्हातारी होतात, लहान घरात जातात.

शाईही बोलते. बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या सुमाराला, आणि फेल्टच्या टोकाची पेनं साठच्या दशकात. तेव्हा १९३० ची तारीख घालून बॉलपेनने केलेली सही दिसली तर पुढे काही बघायची गरज नाही.

शाईचा डाग यांनी हुबेहूब सह्यांचा मुद्दा मांडलाय, त्याला एक उदाहरण जोडते. २०२२ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'स्वहस्ते सही केलेल्या' म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या सह्यांचे फोटो एकमेकांशी ताडले आणि त्या यंत्राने केलेल्या असल्याचं उघडकीला आलं. प्रकाशकाला सगळ्यांचे पैसे परत करावे लागले आणि डिलन यांनी जाहीर माफी मागितली. या यंत्राला ऑटोपेन म्हणतात. त्यात खरं पेन असतं, खरी शाई असते, कागदात चरही पडते, त्यामुळे भिंग इथे फारसं कामाचं नाही. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो एवढंच जाणवतं. पण यंत्र कुणा बाईंचं नाव, चेल्टनहॅम आणि तारीख असं प्रत्येक प्रतीवर वेगळं लिहीत बसत नाही. तुमच्या प्रतीला ती भीती नाही.

अलीकडच्या पुस्तकांत एक प्रकार सर्रास दिसतो. प्रकाशक लेखकाच्या घरी सुटे कागद पाठवतो, लेखक त्यांच्यावर सह्या करतो आणि बांधणीच्या वेळी ते पुस्तकात घालतात. सही शंभर टक्के खरी, पण लेखकाने ते पुस्तक हातात घेतलेलं नसतं. ते पान बाकीच्यांपेक्षा जाड किंवा किंचित वेगळ्या रंगाचं असतं आणि मुळाशी चिकटवलेलं दिसतं. चिकटवलेल्या लेबलवरची सही याच जातीची. जॅकेटवर 'लेखकाची सही असलेली प्रत' असा गोल स्टिकर असलेली पुस्तकं दुकानांत थप्प्यांनी विकली जातात, त्यामुळे त्यांचं फार अप्रूप बाळगू नका. माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी आपल्या पुस्तकांवर एवढ्या सह्या केल्या की त्यांची सही नसलेली प्रतच दुर्मिळ, असं इकडचे जुने पुस्तकवाले म्हणतात.

आता त्या बाईंच्या नावाबद्दल. व्यापारी सांगतील की आजच्या लेखकाची नुसती सही असली तर लवकर खपते, मधे अनोळखी नाव आलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. हे खरं आहे. पण जुन्या पुस्तकांत तेच नाव आणि त्या दोन ओळी पुस्तकाला बळकटी देतात. जेवढा मजकूर जास्त तेवढी नक्कल अवघड. आणि ज्याला दिलं तो माणूस लेखकाच्या आयुष्यातला निघाला, तर सगळं चित्रच पालटतं. लेखक पॉल थेरू यांनी त्यांचे मित्र, कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल यांना सही करून दिलेलं पुस्तक पुढे एका विक्रेत्याच्या यादीत विकायला आलेलं खुद्द थेरूंना दिसलं. तीस वर्षांच्या मैत्रीचा शेवट होताना ही गोष्ट त्यांना किती लागली ते त्यांनी १९९८ मध्ये त्या मैत्रीवर लिहिलेल्या पुस्तकात सविस्तर सांगितलंय. एखादी अर्पणाची ओळ दुसऱ्याच्या हाती पडली की त्यातून काय काय उलगडतं, हे यावरून समजावं.

तुमच्या पुस्तकातल्या बाई बहुधा कुणी प्रसिद्ध नसतील. मला तरीही ते नाव मोलाचं वाटतं. त्या ऑक्टोबरात त्या रांगेत उभ्या राहिल्या, आपलं नाव सांगितलं, घरी येऊन परीक्षणाचं कात्रण जपून ठेवलं. नाव खोडायचा, खरवडायचा, त्यावर लेबल लावायचा विचारही करू नका. असं केलेली पुस्तकं आमच्याकडे येतात तेव्हा जीव हळहळतो.

आणि दुकानाला सांगायचं का? कायद्याने तुमच्यावर काही बंधन नाही. पैसे देईपर्यंत दुकान किंमत बदलू शकतं, पैसे घेतले की व्यवहार पूर्ण. पण तुम्ही विचारलंय म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. मागच्या खोलीतला माणूस पगारी नाही आणि दुकानाचा नफा कुणाच्या खिशात जात नाही, तेव्हा हा व्यवहार बाजारातल्या इतर खरेदीसारखा मला वाटत नाही. पुस्तक ठेवा, ते योग्य माणसाकडे गेलंय. त्याचं मोल तुम्हाला जेवढं वाटतं त्यातला थोडा वाटा त्या संस्थेला देणगी म्हणून द्या. तुम्ही इथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा, मग तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. आणि जाऊन जरूर सांगा की अशी सही निघाली. रागावून कुणी पुस्तक परत मागणार नाही. उलट पुढच्या खेपेला तिथला माणूस टायटल पेज उघडून बघेल, आणि मला तेच हवंय.

---

जुनी_बाइंडिंग

मागची खोली ताईंचं विवेचन उत्तम, पण शेवटच्या मुद्द्यावर मी वेगळं म्हणेन. मी जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री करतो आणि बांधणीही करतो. सही ओळखता येणं हे वर्षानुवर्षांच्या वाचनातून येतं. दुकानात ते पुस्तक शेकडो लोकांच्या नजरेखालून गेलं असेल, ओळखलं एकाने. त्याच्या नजरेचं काही मोल आहे की नाही? दुकानालाही हवी ती किंमत लावायचं स्वातंत्र्य होतंच. ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेने १९८७ मध्ये ऑक्सफर्डला फक्त पुस्तकांचं दुकान काढलं, तेव्हापासून या संस्थाही पुस्तकांच्या बाबतीत चांगल्या तयारीच्या झाल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी चांगली पुस्तकं वेगळी काढून ऑनलाइन विकतात. तेव्हा रविवारच्या वाचकांनी मनात अपराधी वाटून घेऊ नये. देणगी द्यावीशी वाटली तर आनंदाने द्यावी, कर्ज फेडल्यासारखी नको.

आता जपणुकीचं, कारण त्यात घाई महत्त्वाची आहे.

ते कात्रण आजच पुस्तकातून काढा. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं, ते समोरासमोरच्या दोन्ही पानांवर तपकिरी चौकोन उमटवतं आणि तो डाग जात नाही. कात्रण फेकू मात्र नका, आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून पुस्तकाशेजारी ठेवा. ते याच प्रतीच्या इतिहासाचा भाग आहे.

किंमतीचं स्टिकर जॅकेटवर असेल तर नखाने ओढू नका. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून थोडा वेळ द्या, डिंक सैल झाला की कोपऱ्यापासून अगदी सावकाश सोडवा. जॅकेट जुनं, ठिसूळ किंवा लॅमिनेशन नसलेलं असेल तर स्टिकर तसंच राहू द्या. आतल्या पानावर पेन्सिलने लिहिलेली किंमत मी तरी खोडत नाही. सहीच्या पानाला रबर अजिबात लावू नका.

जॅकेटला पारदर्शक पॉलिएस्टरचं कव्हर घाला, पण चिकटपट्टी थेट जॅकेटला लागता कामा नये. पाठीचा रंग उतरलाय म्हणता, म्हणजे आधीच्या घरी ते उन्हाच्या कपाटात होतं. तुमच्याकडे सावलीत ठेवा. बॉलपेनची शाई उजेडाने फिकी होते, फेल्टच्या पेनाची तर फारच लवकर. सही कौतुकाने फ्रेमसारखी उघडी करून ठेवणारे लोक मी पाहिलेत, काही वर्षांत तिथे नुसती सावली उरते. आणि पान लॅमिनेट करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासून पुस्तक लांब ठेवा.

---

रविवारचा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. पान तिरकं धरून पाहिलं: चर आहे, मागे उठावही आहे, आणि छापील नावावरच्या रेघेची शाई सहीच्याच शाईसारखी दिसते. कात्रण काढलं. एका पानावर तपकिरी छाया आलीच होती, पण सहीचं पान लांब होतं म्हणून वाचलं. उद्या दुकानात जाऊन सांगणार आहे आणि देणगीही देणार आहे. जुनी बाइंडिंग म्हणतात तशी, आनंदाने.

ताई, आणखी एक विचारू का? बायकोचे काका साठच्या दशकात इकडे आले. आता ते नाहीत आणि त्यांच्या माळ्यावर मराठी पुस्तकांच्या पेट्या आहेत. त्यांना साहित्यिक मंडळींचा नाद होता, मुंबई-पुण्याला गेले की पुस्तकांवर सह्या घेऊन यायचे असं घरात सांगतात. चुलत भावंडांना मराठी वाचता येत नाही, ती सगळं जवळच्या चॅरिटी शॉपला द्यायला निघालीत. देऊ द्यावं का?

---

मागची_खोली

अहो, आत्ता फोन करून त्यांना थांबवा! हात जोडून सांगते.

वर मी बारकोडबद्दल लिहिलं ना, मराठी पुस्तकांचं तर त्याहून कठीण आहे. माळ्यावरच्या त्या काळच्या पुस्तकांवर क्रमांक नसणार. आणि इंग्रजी जुनं पुस्तक जसं जाणत्या माणसाकडे जातं तसं हे जात नाही, कारण लिपीच वाचता येत नाही. पिवळा कागद, साधी बांधणी, न कळणारी अक्षरं. निवडणाऱ्याचा दोष नाही, त्याच्यापुढे अजून दहा पिशव्या उभ्या असतात. अशी पुस्तकं थेट रद्दीच्या पोत्यात जातात. आमच्याकडे देवनागरी दिसलं की आता मला हाक मारतात, पण प्रत्येक दुकानात मराठी वाचणारं कुणी थोडंच असतं.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. म्हणजे किती पिढ्यांनी इथे मराठी पुस्तकं आणली असतील विचार करा. आता त्या पिढ्यांची घरं रिकामी होतायत. या कामात मला सगळ्यात जास्त जर कशाची काळजी वाटत असेल तर याची. नामवंत इंग्रजी लेखकाची सही आज निसटली तरी उद्या दुसऱ्या कुणाला दिसेल, जगात तिचे जाणकार पुष्कळ आहेत. काकांना एखाद्या कवीने 'सप्रेम भेट' लिहून दिलेला संग्रह इथल्या रद्दीत गेला, तर तो असा होता हे सांगायलाही कुणी उरत नाही.

तर असं करा. पेट्या घरी आणा, आणि देण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पहिली तीन-चार पानं उघडून बघा. मराठीत सह्या बहुधा कोऱ्या पानावर किंवा आतल्या मुखपृष्ठावर असतात, 'सप्रेम', 'सस्नेह', 'सादर' अशा शब्दांनंतर. इथे एक काळजी घ्या: 'सप्रेम भेट' लिहिणारा नेहमी लेखकच असतो असं नाही. लग्नात, मुंजीत, निरोप समारंभात मित्रांनी दिलेल्या पुस्तकांवरही तेच लिहिलेलं असतं. खालची सही लेखकाच्या नावाशी ताडून पाहा. काही लेखक फक्त आडनावाचं पहिलं अक्षर आणि एक फराटा मारतात, काही टोपणनावाने सही करतात, तेव्हा पुस्तकावरचं नाव दिसलं नाही म्हणून लगेच बाजूला टाकू नका. जुन्या पिढीतल्या काहींची सही मोडीत असायची. मोडी वाचता येत नसेल तर फोटो काढून ठेवा, वाचणारे सापडतात.

तारीख शकात असली तर ७८ मिळवा, साधारण इसवी सन येतो. शके १८८० म्हणजे १९५८-५९. मग ती तारीख छापील प्रकाशनाच्या तारखेशी जुळते का बघा. 'प्रथमावृत्ती' किंवा 'आवृत्ती पहिली' असं असेल आणि सहीची तारीख त्याच वर्षातली असेल, तर ते पुस्तक छापखान्यातून आल्या आल्या काकांच्या हातात पडलेलं आहे. आत पत्रं, पोस्टकार्डं निघतील. ती वेगळी ठेवा, कुठल्या पुस्तकात कुठल्या पानाशी होती ते पेन्सिलने पाकिटावर लिहा, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका. खाजगी पत्र पुस्तकाबरोबर विकलं जाणं बरोबर नाही.

सह्यांची पुस्तकं निवडून झाली की काकांचा थोडक्यात परिचय लिहून ठेवा: कुठून आले, काय काम करायचे, कुणाशी ओळख होती. तो कागद नसेल तर पुढच्या माणसाला अर्पणातलं नाव म्हणजे नुसतं एक नाव. ब्रिटिश लायब्ररीत आणि लंडन विद्यापीठाच्या सोअॅस (आशिया-आफ्रिकेचा अभ्यास करणारी संस्था) या संस्थेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचे संग्रह आहेत. ते सगळंच घेतात असं नाही, आधी यादी पाठवून विचारायचं, पुस्तकं घेऊन दारात जायचं नाही. त्याआधी तुमच्या भागातल्या मराठी मंडळात विचारून बघा, वाचणारी माणसं तिथेच भेटतील.

उरलेली साधी पुस्तकं चॅरिटी शॉपला द्यायला माझी काही हरकत नाही. फक्त प्रत्येकात टायटल पेजशी एक कागदाची पट्टी घाला, बाहेर डोकावेल अशी, आणि तिच्यावर इंग्रजीत पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा मराठी आणि साल लिहा. सही असलेलं एखादं द्यायचंच ठरलं तर त्या पट्टीवर 'लेखकाची सही या पानावर' हेही ठळक लिहा. इंग्रजी पुस्तकं दान करणाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे. एवढी पट्टी घालायला काही लागत नाही, आणि आमच्या मागच्या खोलीत तिच्यामुळे पुस्तक वाचतं.

जुनी बाइंडिंग, तुमचा देणगीचा मुद्दा मान्य. या मराठी पेट्यांतली बांधणी सुटलेली पुस्तकं कशी हाताळायची ते तुम्ही सांगाल का? त्या काळच्या कित्येक पुस्तकांना लोखंडी पिना असतात आणि त्या गंजलेल्या निघतात.

---

जुनी_बाइंडिंग

नक्की. गंजलेली पीन सरळ उपटू नका, कागद तिच्याबरोबर फाटतो. पुस्तक पालथं ठेवा, पिनेचे दुमडलेले पाय पातळ बोथट पातं घालून आधी उभे करा, मग दुसऱ्या बाजूने पीन हलकेच वर उचला. सुटलेली पानं चिकटपट्टीने जोडू नका, आम्लरहित कागदाच्या घडीत क्रमाने ठेवा आणि सुती फितीने पुस्तक सैलसर बांधा. माळ्यावर दमट असेल तर पेट्या घरात आणल्यावर लगेच हीटरजवळ ठेवू नका, वाऱ्यावर हळूहळू सुकू द्या. बुरशी दिसली तर ते पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा आणि झटकताना तोंडाला मास्क लावा.

---

रविवारचा_वाचक

फोन केला. पेट्या शनिवारी दुकानात जाणार होत्या, त्या आता आमच्याकडे येतायत. ताई, मोडीतली सही निघाली तर इथेच फोटो टाकतो.

---

मागची_खोली

टाका. पूर्ण पानाचा टाका, नुसत्या सहीचा नको. आणि छापील प्रकाशनाचं पानही सोबत द्या, म्हणजे तारखा लावता येतील.